एकास बारा

कमिटी सोमवारी यायची होती
आणि फाईल माझ्या हातात आली शुक्रवारी, डबा खाऊन झाल्यावर.
पायऱ्या तीन, सहा-सहा इंची.
रातोरात सिमेंट ओतलं,
सहा फुटांत बसवला उतार,
घोटून असा गुळगुळीत केला
की व्हरांड्यातली ट्यूबलाइट त्यात दिसावी.
बाजूला खानापुरी कुंड्या मांडल्या, क्रोटनच्या.
फोटो निघाला. साहेब म्हणाले, बेस्ट, परशराम.
मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

जुलैत नंदगडची तेजल आली, चाकाच्या खुर्चीतनं.
वडील मागनं रेटत होते.
अर्ध्यावर खुर्ची थांबली, मग मागं यायला लागली,
मी थापी टाकून धावलो.
ती रडली नाही, चिडली नाही.
एवढंच विचारलं, "हा कुणी बांधला?"
"बघतो की," म्हणालो मी.
तीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस
बघतो की म्हणाला.

त्या रात्री वडगावात, घरी,
ऑफिसातनं मागून आणलेलं नियमांचं पुस्तक उघडलं.
एकास बारा.
एक इंच चढायचं तर बारा इंच चालायचं.
अठरा इंचांना अठरा फूट,
वर-खाली खुर्ची वळेल एवढी सपाटी,
फरशी खरबरीत, दोन्ही अंगांना कठडा.
माझा होता एकास चार.
म्हणजे आठाचं खोटं.

अठरा फूट जागा होती,
पण तिच्यात रजिस्ट्रारसाहेबांची गाडी उभी राहायची, पत्र्याच्या सावलीत.
अर्ज गेला. अर्ज परत आला: "स्थळपाहणी करावी."
पाहणी तर रोज सकाळी होतच होती,
मी, वॉचमन मुल्ला, सफाईची यल्लव्वा आणि सापडेल तो चौथा,
खुर्ची उचलून वर नेताना.
तेजल तेवढा वेळ वर आढ्याकडं बघायची.
उचललेल्या माणसानं कुठं बघायचं, हे
त्या पुस्तकात नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत मंजुरी आली. घण मीच घातला.
कमिटीचं सिमेंट पहिल्या घावाला भुगा झालं.
नव्याला बारा दिवस पाणी मारलं, कुणाला पाय ठेवू दिला नाही.

ती एकटीच चढली.
मध्ये थांबली, मला वाटलं दमली.
पेन पडलं होतं. वाकून घेतलं आणि गेली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं.

खुर्चीचं चित्र असलेल्या संडासात यल्लव्वाच्या बादल्या असायच्या.
"मग मी कुठं ठेवू?" म्हणाली. तिचंही खरं.
जिन्याखाली फळ्या मारून दिल्या.

पाट्यांचं काम आलं तेव्हा मात्र हात आखडला.
आमच्याकडं पाटी म्हणजे साधी गोष्ट नव्हे.
कुठली अक्षरं वर, कुठली किती मोठी,
यावरनं डांबराचे डबे रिकामे झालेत, गाड्या अडल्यात.
ठिपक्यांची पट्टी दाराशी ठोकत होतो, मागं-पुढं बघत,
तर गोकाकची शिवलीला आली, काठी टेकवत.
बोट फिरवलं. "क," म्हणाली.
"कुठला क? तुमचा की आमचा?"
हसायला लागली.
"मामा, दोन ठिपके. दोघांचा तोच."
मी डोळे मिटून बोट ठेवलं.
मला काही वाचता आलं नाही.
भाकरीवरच्या तिळाएवढे दोन उंचवटे.
"पण वीतभर खाली घ्या," ती म्हणाली, "हात पोचत नाही."
पुन्हा चार भोकं. पुन्हा लांबी भरली.

आज आलो तर उताराच्या तोंडाशी
कुणाची तरी स्कूटर, हँडल लॉक.
तेजलचं लेक्चर सव्वानऊचं, नऊ वाजून गेलेले.
मुल्लाला हाक मारली.
पुढचं चाक त्यानं धरलं, मागचं मी.
"उचलायचं काही नशिबातनं जाईना की," म्हणाला तो,
आणि नेता नेता आम्ही दोघंही हसलो,
कंबर धरून.